विज्ञानकथा-अद्भुतकथांचं पुस्तक घ्यायचंय, एका लेखकाचं घ्यावं की अनेकांचं?

भाच्याची दहावीची परीक्षा संपली आणि त्याला पुस्तक घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. तो म्हणाला मामा, विज्ञानकथा पाहिजेत, जादूच्या-भुताखेताच्या पण चालतील, पण कादंबरी नको, कथाच. मग आम्ही दोघं नव्या पेठेत दुकानात अर्धा तास उभे. त्याच्या हातात एकाच लेखकाचा चौदा कथांचा संग्रह, माझ्या हातात दहा-बारा लेखकांच्या निवडक कथांचं जाड पुस्तक, आणि पैसे एकाचेच. हा प्रश्न मला आधीही दोन-तीन जणांनी विचारलाय म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. विज्ञानकथा कशाला म्हणतात, अद्भुतकथा कशाला, ते सांगत बसत नाही, ज्याला हा प्रश्न पडलाय त्याला तेवढं माहीत असतंच.

आधी मी कसा वाचतो ते सांगतो, कारण माझं मत त्यावरच उभं आहे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, दिवसभर आजूबाजूला मागांचा आवाज, त्यामुळं वाचन तीनच वेळा. एक जेवणाची सुट्टी, एक पुण्याला जाताना ट्रेनमध्ये, आणि एक आपल्याकडं पाणी येतं त्या दिवशी. सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि कधी पहाटे येतं, मग मोटर लावून टाकी भरेपर्यंत जागं राहायचं. ती पाऊण तासाची वेळ कथेसाठी बनवल्यासारखी आहे. कादंबरी हातात घेतली तर कुठं होतो तेच आठवण्यात दहा मिनिटं जातात, कथा मात्र टाकी भरायच्या आत पूर्ण होते. गेली वीसएक वर्षं दोन्ही प्रकारचे संग्रह असेच वाचत आलोय, मराठी जास्त, इंग्रजी हळूहळू.

एका लेखकाच्या संग्रहाचं मोठं सुख म्हणजे पहिल्या कथेनंतर कष्ट कमी होतात. ह्या प्रकारच्या कथेत सुरवातीची दोन पानं जड असतात, कुठला ग्रह, कुठलं साल, इथं माणसं मरतात का नुसती जुनी होतात, सगळं समजून घ्यावं लागतं. एकाच लेखकाच्या पुस्तकात त्याची भाषा ओळखीची होते, यान म्हणजे यान, यंत्रमानव म्हणजे यंत्रमानव, शब्द बदलत नाहीत. अनेकांच्या पुस्तकात, त्यातून ते भाषांतरित असेल तर, एका कथेत यंत्रमानव, दुसरीत रोबो, तिसरीत नुसतं 'ते यंत्र', आणि त्या यंत्राला एक जण अरे-तुरे करतो, दुसरा आपण म्हणतो. बारीक गोष्ट आहे पण पहाटे चार वाजता बारीक गोष्टच टोचते. आणि काही लेखक तर सगळ्या कथा एकाच जगात ठेवतात, रे ब्रॅडबरीनं १९५० मध्ये मंगळावरच्या कथा अशाच एका पुस्तकात ओवल्या, तिथं तर मंगळ एकदा कळला की कळला, पुढच्या प्रत्येक कथेत आपण ओळखीच्या गावात उतरल्यासारखे उतरतो. असं पुस्तक मिळालं तर माझं खालचं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि ते घ्या.

शिवाय लेखकाचा ध्यास दिसतो. एखाद्याला काळाचं वेड असतं, तो चौदा कथांत चौदा बाजूंनी काळाकडंच बघतो, आणि शेवटी आपल्यालाही घड्याळाकडं बघताना जरा वेगळं वाटायला लागतं. अनेकांच्या पुस्तकात हे होत नाही, कोणीच तेवढा वेळ आपल्याबरोबर बसत नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं मत फिरलं ती.

काही वर्षांपूर्वी पुण्याला निघालो होतो, सकाळची गाडी, खिडकीची जागा, हातात एका लेखकाचा विज्ञानकथांचा संग्रह, नाव सांगत नाही कारण लेखक चांगलाच आहे आणि माझी तक्रार त्याच्यावर नाहीये. पहिली कथा कृष्णविवराची. नायक अडकतो, कुणालाच काही कळत नाही, मग एक निवृत्त प्राध्यापक येतात, चहाचा कप ठेवतात आणि समजावून सांगतात की बघ, चादर चारी कोपऱ्यांनी ताणून धर, मधे जड गोळा ठेव, चादर दबते की नाही, आता बाजूनं गोटी सोड, ती सरळ न जाता वळते, गुरुत्वाकर्षण म्हणजे हे असं. मी चादरीच्या गावचा माणूस, मला ते इतकं आवडलं की पुस्तक मांडीवर ठेवून दोन मिनिटं बाहेर बघत बसलो. कॉलेजात जे डोक्यावरून गेलं होतं ते चादरीनं एका क्षणात समजलं. कुर्डुवाडी आली, दुसरी कथा सुरू केली, ती वेगळीच होती, समुद्राखालची, ठीक होती. जेऊरच्या पुढं तिसरी. त्यात पुन्हा एक वैज्ञानिक, ह्या वेळी बाई, पुन्हा चादर, पुन्हा गोळा, पुन्हा गोटी. दीड पान. मी वाचलं, नाही असं नाही, पण वाचताना मन कथेच्या बाहेर आलं होतं. आणि चौथ्या कथेत, भिगवणच्या जरा अलीकडं, एक तरुण संशोधक आपल्या मित्राला म्हणाला की अशी कल्पना कर, एक चादर आहे.

मी पुस्तक मिटलं. बाहेर उजनीचं पाणी होतं, पक्षी होते, दौंडपर्यंत तेच बघत बसलो. राग आला नव्हता, वाईट वाटलं. कारण पहिल्यांदा ज्या उदाहरणानं मला हलवलं होतं तेच आता दिसलं की पानं उलटावीशी वाटायला लागली. तिसऱ्या वेळेनं पहिल्या वेळेचाही आनंद खाल्ला.

नंतर लक्षात आलं की हे का होतं. आपल्याकडच्या बऱ्याचशा कथा आधी दिवाळी अंकात येतात, १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली ही रीत आहे. लेखक एका वर्षी एका अंकाला कथा देतो, दोन वर्षांनी दुसऱ्या अंकाला, प्रत्येक वेळी वाचक नवा, त्याला कृष्णविवर माहीत असेलच असं नाही, मग प्रत्येक वेळी चादर ताणावी लागते. त्यात लेखकाचं काय चुकलं? कथा एकेकटी वाचली तर ती चादर तिथं पाहिजेच. पण आठ-दहा वर्षांच्या कथा एका पुस्तकात शेजारी-शेजारी बसवल्या आणि कुणी कात्री लावली नाही की ज्या दोन चादरींमध्ये चार वर्षांचं अंतर होतं त्यांच्यात आता चाळीस पानांचंच उरतं.

आणि समजावून सांगायची ओढ ह्या प्रकाराच्या रक्तातच आहे. ह्यूगो गर्न्सबॅकनं १९२६ मध्ये अमेरिकेत फक्त विज्ञानकथांचं मासिक काढलं तेव्हाच त्याचं म्हणणं होतं की रंजक गोष्टीत वैज्ञानिक तथ्य मिसळलेलं पाहिजे. आपल्याकडं तर विज्ञानकथेला मोठं बळ मिळालं तेच मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेकडून, १९६६ ची संस्था, मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं हेच तिचं काम. त्यामुळं कथेत मास्तर येणारच, आणि यायलाही हवा, मला तो आवडतो, फक्त एकाच पुस्तकात तीनदा तोच धडा घेऊन आला की त्रास होतो.

अद्भुतकथांमध्ये हाच त्रास वेगळ्या वेषात असतो. तिथं कोणी समजावत नाही, पण लेखकाची खोड कळते. एका संग्रहात पहिल्या कथेच्या शेवटी कळलं की जिच्याशी नायक बोलतोय ती बाई मेलेली आहे, अंगावर काटा आला. तिसऱ्या कथेत पुन्हा तसंच. मग पाचवीपासून मी पहिल्या पानावरच बघायला लागलो की ह्यातलं मेलेलं कोण. कथा वाचायची सोडून मी पहारेकरी झालो.

अनेकांच्या पुस्तकात हे होत नाही, किंवा माझ्या बाबतीत तरी फार कमी वेळा झालं. कारण पुढच्या कथेत कोण भेटणार हेच माहीत नसतं. आणि त्यात विज्ञान आणि अद्भुत एकत्र असेल तर फारच मजा. अशाच एका पुस्तकात एक कथा होती, दुष्काळी गावातली कोरडी विहीर, रात्री तिच्या तळाशी उजेड दिसतो, एक पोरगा रोज जाऊन वाकून बघतो. आता तो उजेड म्हणजे परग्रहावरचं काही आहे, का विहिरीत राहणारं जुनं काही आहे, का पोराला भुकेनं भास होतोय, हे मला शेवटच्या पानापर्यंत कळत नव्हतं. हीच कथा एखाद्या विज्ञानलेखकाच्या संग्रहात असती तर मी आधीच म्हटलं असतं की आता कोणीतरी उपकरण घेऊन येईल. भयकथावाल्याच्या संग्रहात असती तर म्हटलं असतं की आता हात बाहेर येईल. इथं दोन्ही दारं उघडी होती आणि मी मधे उभा होतो. टाकी भरून वाहायला लागली होती, पाणी जिन्यावरून खाली, घरच्यांनी हाक मारली तेव्हा कळलं.

मला वाटतं आपल्या सोलापूरच्या माणसाला हे दोन्ही दारं उघडं ठेवणं जमतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, आपण अक्षता टाकतो, लहानपणापासून टाकत आलोय. तिथं उभं राहून दंडाशी लग्न कसं लागतं असं मी कधी कोणाला विचारताना ऐकलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस कारखान्यात जाऊन मागाच्या सेन्सरमध्ये नेमका दोष कुठं आहे ते शोधत बसतो, तिथं मात्र कारण सापडल्याशिवाय उठत नाही. दोन्ही खरं. म्हणून मला एकाच प्रकारच्या कथांपेक्षा मिसळलेलं पुस्तक घरचं वाटतं.

नावाचाही एक मुद्दा आहे. लेखकाचं नाव माहीत असलं की आपण कथा वाचायच्या आधीच निम्मं मत बनवून बसतो. जयंत नारळीकरांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं, ते कथेला मिळालं, नावाला नाही. तेवढा मोठा शास्त्रज्ञ, त्यालाही वाटलं की आपली कथा नावाशिवाय वाचली जावी. अनेकांच्या पुस्तकात वाचकाला हे करता येतं. मी तर अनुक्रमणिका न बघता मधलंच पान काढतो आणि कथेच्या वरचं नाव रेल्वेच्या तिकिटानं झाकून वाचायला लागतो, कथा संपली की मग तिकीट काढून बघतो कोण होतं ते. एका लेखकाच्या संग्रहात कव्हरवरच नाव, काय झाकणार.

पण अनेकांच्या पुस्तकाचे त्रास आहेत आणि ते लपवणार नाही. पहिला म्हणजे संपादकाची टिपणं. बऱ्याच पुस्तकांत प्रत्येक कथेआधी अर्धं पान असतं, लेखकाची ओळख, कथेचं महत्त्व, आणि त्याच नादात शेवटाचा सुगावा लागेल असं एखादं वाक्य. ते टिपण कथा संपल्यावर वाचायचं, आधी नाही, एवढं पाळलं की झालं. टिपणं चुकीचीही असू शकतात. अमेरिकेत जेम्स टिपट्री ज्युनियर ह्या नावाच्या लेखकाच्या १९७५ च्या संग्रहाला दुसऱ्या एका नामवंत लेखकानं प्रस्तावना लिहिली आणि त्यात ठासून सांगितलं की हे लिखाण पुरुषाचंच आहे, आणि पुढं उघड झालं की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन नावाच्या बाई. हे मात्र एकाच लेखकाच्या संग्रहात झालं, म्हणजे प्रस्तावनेचा धोका दोन्हीकडं सारखाच.

दुसरा त्रास, सगळ्या कथा चांगल्या नसतात. माझा अनुभव विचाराल तर बारातल्या चार लक्षात राहतात, चार बऱ्या, आणि चार का घेतल्या कळत नाही. एका लेखकाच्या पुस्तकात इतकी चढ-उतार नसते, पहिल्या दोन आवडल्या तर बाकीच्या निदान चालून जातात. ज्याला पैसे वसूल व्हायला हवेत त्यानं ह्याचा विचार करावा.

तिसरा म्हणजे थकवा. प्रत्येक कथेला नव्यानं जग समजून घ्यायचं, म्हणून सलग तीनपेक्षा जास्त मला वाचवत नाहीत. पुण्याच्या चार तासांच्या प्रवासात अनेकांचं पुस्तक दोन कथांनंतर बाजूला ठेवावं लागतं, डोकं जड होतं. लांब प्रवासाला म्हणूनच मी अजूनही कधीकधी एका लेखकाचं नेतो, चादरीची भीती असूनही.

आणि लांबी बघून घ्या, विशेषतः इंग्रजी घेणार असाल तर. ह्यूगो पुरस्कारवाले साडेसात हजार शब्दांच्या आतलीला लघुकथा म्हणतात, तिथून साडेसतरा हजारांपर्यंत मधली, आणि त्यापुढं चाळीस हजारांपर्यंत तिसरा प्रकार. वार्षिक निवडक पुस्तकांत हे तिन्ही एकाशेजारी एक बसलेले असू शकतात. पहिला प्रकार माझ्या एका टाकीत बसतो, दुसऱ्याला दोन-तीन टाक्या, आणि तिसरा हातात आला तर मग पुढच्या पाण्याची वाट बघा. अनुक्रमणिकेत नावं न वाचता नुसते पानांचे आकडे बघायचे, तेवढ्यानं अंदाज येतो.

तर मग कोणी काय घ्यावं. एखादा लेखक तुम्हाला आधीच आवडलेला असेल, दिवाळी अंकात त्याच्या दोन कथा वाचून झोप उडाली असेल, तर त्याचाच संग्रह घ्या, फक्त रोज एकच कथा वाचा, मधे दिवस जाऊ द्या. म्हणजे मूळ अंकांसारखं थोडं अंतर पडतं आणि तोच धडा पुन्हा आला तरी तेवढा टोचत नाही, हे मी करून बघितलंय आणि फरक पडतो. अशा संग्रहात प्रत्येक कथेखाली ती कुठं आणि कोणत्या साली छापली ते दिलंय का तेवढं बघा, दिलं असेल तर लेखक वर्षागणिक कसा बदलला ते दिसतं आणि पुनरुक्तीही माफ होते. विकत घेण्याआधी खात्री करायची असेल तर वाचनालयातून आणून बघा, मी कित्येक संग्रह हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणून आधी वाचले आणि मगच घ्यायचे की नाही ते ठरवलं.

कोणीच लेखक माहीत नसेल, नुकतीच सुरवात असेल, तर मात्र मी अनेकांच्या पुस्तकाकडं झुकेन. दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो, माझ्या एका मित्राला तर तीच चादर तीनदा आली तरी आवडते, तो म्हणतो उजळणी होते. पण मला विचाराल तर चार फालतू कथा सोसून ती एक विहीर मिळत असेल तर मी सोसायला तयार आहे.

दुकानात शेवटी एक केलं. भाच्याला म्हटलं दोन्ही पुस्तकांतली तिसरी आणि सातवी कथा काढ, पहिली दोन-दोन पानं इथंच उभ्यानं वाच. एका लेखकाच्या पुस्तकातल्या दोन्ही कथा प्रयोगशाळेत सुरू होत होत्या, दोन्हीत रात्र होती, दोन्हीत फोन वाजला. दुसऱ्या पुस्तकात एक आजी बाजारात आपली सावली विकायला बसली होती आणि एक पाणबुडी कुणाचीतरी वाट बघत होती. तो आजीच्या कथेत इतका गुंतला की दुकानदारानं दोनदा विचारलं तरी वर बघेना, मग मी पैसे देऊन टाकले.

परवा रात्री त्याचा फोन आला. पुस्तक निम्मं झालंय, दोन कथा अर्ध्यातच सोडल्या म्हणे, आणि ती सावलीवाली कथा तीनदा वाचली. विचारत होता, मामा, ह्याच लेखिकेचा स्वतःचा संग्रह आहे का, सगळ्या तिच्याच कथा असलेला. मी शोधतोय, ह्या रविवारी वाचनालयात चौकशी करणार आहे.